हळदीच्या गिरणीतला उलटा फेज

इथले अमानवीय अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतेय, आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसत हसत वाचतेय. 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' हे पहिलं वाक्य दिसलं की मी मनात म्हणायचे — आला बघा आणखी एक! आता पाळी माझ्यावर आली आहे, म्हणून ते वाक्य मी लिहीत नाही. एवढंच सांगते की माझा पोटापाण्याचा धंदाच कारण शोधण्याचा आहे. मोटार बंद पडली, कारण असतं. केबल जळली, कारण असतं. कारण सापडत नसेल तर शोधणारा आळशी आहे, असं मी कितीतरी गिऱ्हाइकांना तोंडावर सुनावलंय. वसमतला आमचं मोटार रिवाइंडिंगचं आणि पॅनल दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणजे... आता माझं एकटीचं.

माझ्या नवऱ्याला सगळा मोंढा, म्हणजे इथली अख्खी बाजारपेठ, 'मिस्त्री' म्हणायची. लग्न होऊन आले तेव्हा काय हाक मारावी ते मला कळेना. नाव घ्यायचं नाही, 'अहो' म्हणायची लाज वाटायची, मग मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. मिस्त्रींना मात्र मजा वाटायची. मी बारावीपर्यंत शिकलेली, घरात बसून कंटाळायचे, म्हणून त्यांनी मला आधी कॉइल भरायला शिकवलं आणि मग हळूहळू पॅनलचं कामही.

त्यांची शिकवायची पद्धत न्यारी होती. दुकानात भिंतीला एक टेस्ट बोर्ड होता. दर रविवारी सकाळी ते त्यात मुद्दाम एक चूक करून ठेवायचे. कधी दोन वायरींची अदलाबदल, कधी एखादा स्क्रू ढिला, एकदा तर कॉन्टॅक्टमध्ये विडीच्या बंडलाचा कागद अडकवलेला. मग "शोध" म्हणून पायरीवर जाऊन माझ्याकडं पाठ करून बसायचे. मी कितीही चिडले तरी मागं वळून बघायचे नाहीत. चूक सापडली की नुसतं दुरुस्त करायचं नाही, असा नियम होता. आधी मोठ्यानं "सापडलं" म्हणायचं, बोट ठेवून दाखवायचं, मगच हात लावायचा. त्यानंतर चहा ते करणार. इतका पाणचट चहा मी दुसऱ्या कुणाच्या हातचा प्यायले नसते.

चार वर्षांपूर्वीचा एक रविवार. मी एका पाणबुडी मोटारीच्या कॉइलमध्ये अडकले होते, गिऱ्हाईक दारात उभं होतं. मिस्त्री म्हणाले, "आज अवघड टाकलंय. शोध." मी म्हणाले, "मला टाईम न्हाई असल्या पोरखेळाला." ते हसले. "राहू दे, हाये तिथंच. आलो की बघू," म्हणाले आणि हत्यारांची पिशवी घेऊन जवळा बाजार गावाकडं निघून गेले. तिकडच्या एका हळदीच्या गिरणीत त्यांनी नवीन पॅनल बसवलं होतं, ते चालू करून द्यायचं होतं. पॅनल चालू झालं. गिरणीच्या ऑफिसात चहा पिता पिता खुर्चीवरच ते गेले. हार्ट अटॅक. मला निरोप आला तेव्हा माझे हात वार्निशनं चिकट झालेले होते.

तेरा दिवस मी दुकानाकडं फिरकले नाही. त्या काळात माझ्या दिरांनी चांगल्याच हेतूनं दुकान झाडून काढलं, भिंतीवरचा टेस्ट बोर्ड उतरवला, सगळ्या वायरी सोडून गुंडाळून ठेवल्या. त्यांना काय माहीत! पण मिस्त्रींनी शेवटी टाकलेली चूक कुठं होती ते मला आता कधीच कळणार नाही. माणूस गेल्याचं दुःख सगळे समजून घेतात हो. हे कुणाला सांगू? एक मिनिट काढून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा एकच विचार मी चार वर्षं कॉइलच्या प्रत्येक वेढ्याबरोबर गुंडाळत आले आहे.

असो. आता अनुभव सांगते, पण त्याआधी विषय थोडा समजून घ्या, नाहीतर यात अमानवीय काय ते कळायचं नाही.

मोठ्या मोटारीला तीन फेजची वीज लागते — लाल, पिवळा, निळा. तीन जावांचं कसं, थोरली, मधली, धाकटी असा क्रम ठरलेला असतो, तसंच यांचं. क्रम नीट असेल तर मोटार सरळ फिरते. तिघांपैकी कुठल्याही दोघींनी जागा बदलल्या की मोटार उलटी फिरते. गिरणीची मोटार उलटी फिरली तर ब्लोअर हवा ओढत नाही, शाफ्टचा नट सुटायची भीती असते. म्हणून साठ एच.पी.च्या मोटारीला सॉफ्ट स्टार्टर लावतात. हा डबा मोटारीला झटका न देता हळूहळू चालू करतो, आणि त्याच्याआधी वरून आलेल्या तीन फेजचा क्रम तपासतो. क्रम चुकला असेल तर तो मोटार चालूच करत नाही, पडद्यावर 'फेज सिक्वेन्स फॉल्ट' दाखवून गप्प बसतो. डबा मोठा शिस्तीचा असतो.

आता आमच्या भागातली अडचण. फेज ओळखायला केबलींना लाल, पिवळी, निळी टेप लावलेली असते. पण हळदीच्या गिरणीत महिनाभरात तिन्ही पिवळ्याच होतात! पॅनलचं दार कितीही घट्ट लावा, हळद आत जाणारच. बाहेरून आलेले इंजिनिअर इथंच फसतात, पिवळी समजून लाल धरतात. म्हणून मिस्त्रींनी गाठींची पद्धत काढली होती. कॉइल बांधायचा दोरा केबलीच्या दोन्ही टोकांना बांधायचा — लाल फेजला एक गाठ, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन. डोळ्यांनी नाही दिसलं तरी बोटांनी मोजता येतं. आज या पट्ट्यातल्या कितीतरी गिरण्यांत ही पद्धत चालते. ती कुणी काढली ते लोकांना माहीतही नाही.

मागच्या उन्हाळ्यात, हळदीचा हंगाम भरात असताना, बाबारावांचा फोन आला. बाबाराव म्हणजे त्याच गिरणीचे मालक, जिथं मिस्त्री गेले. भला माणूस. मिस्त्रींनंतर मला कामाला बोलावणारे पहिले तेच. आणि मला 'मिस्त्रीणबाई' म्हणायला सुरुवात केली तीही त्यांनीच.

"मिस्त्रीणबाई, मशीन चालू होऊन न्हाई राहिली. डब्यावर फेज-फेज काईतरी येऊन राहिलं."

मी स्कूटी काढली आणि गेले. डब्यावर फेज सिक्वेन्स फॉल्ट होता. माझ्याकडं फेज सिक्वेन्सचं जुनं मीटर आहे. त्याला तीन चिमटे आणि एक छोटी चकती असते. क्रम बरोबर असला की चकती सरळ फिरते, चुकला की उलटी. मी वरच्या मेन स्विचला चिमटे लावले. चकती सरळ फिरली. डबा रिसेट केला, बटण दाबलं... मोटार लोण्यासारखी चालू झाली.

"आमी सकाळपासून धा बारी रिसेट मारला," बाबाराव म्हणाले. "तवा काहून न्हाई झाली?"

गिरणीचे ऑपरेटर रहीमचाचा दाढीतल्या दाढीत हसले. "बाई, तुमाला पाहून शरमली ती."

मीही हसले आणि पंधरा मिनिटांत निघाले. त्या गिरणीत मी कधीच जास्त थांबत नसे. ऑफिसातली ती खुर्ची अजून तिथंच होती, आणि तिच्याकडं न बघता काम करायला मला फार कष्ट पडायचे.

पाच दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तोच फॉल्ट, पुन्हा मी पोचले आणि मोटार चालू. या वेळी मात्र मी मेन स्विच बंद करून सगळं उघडलं. मेन स्विचपासून सॉफ्ट स्टार्टरपर्यंत जेमतेम दोन फुटांच्या तीन केबली, डोळ्यांसमोर उघड्या. मध्ये जोड नाही, काही नाही. दोरे कुजले होते ते बदलून नवे बांधले — एक, दोन, तीन गाठी, वरही आणि खालीही. बोल्ट कसून आवळले आणि प्रत्येक बोल्टवरून लगपर्यंत, म्हणजे केबलीच्या टोकाच्या कडीपर्यंत, नेलपॉलिशचा पट्टा ओढला. ही आमच्या धंद्यातली खूण आहे. बोल्ट जरासाही हलला की पट्टा तडकतो. मोबाईलमध्ये फोटो काढला, पॅनलला कुलूप लावलं. किल्ली एकच, ती माझ्या जुडग्यात.

आठवड्याने तिसरा फोन! मी गेले, वर मीटर लावलं, बरोबर. रिसेट केलं, चालू. मला राग यायला लागला होता. बाबारावांनी वीज बोर्डाच्या लाईनमनला बोलावून ट्रान्सफॉर्मरची डीपीसुद्धा तपासून घेतली होती, तिथं कुणी काही बदललेलं नव्हतं.

"लाईनमन म्हनतो, ते प्रोटेक्शनच बंद करून टाका," बाबाराव म्हणाले. "डब्यात तशी सेटिंग हाये म्हने."

"हाये सेटिंग," मी म्हणाले. "अन् उद्या खरंच फेज उलटला, मशीन उलटी फिरली, शाफ्टचा नट सुटला, तर कोन उभं ऱ्हाईल समोर? लाईनमन?"

चाचांनी मान हलवली. "बराबर हाय. मिस्त्री बी असंच बोलायचे."

चौथा फोन तीनच दिवसांनी आला. मी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऊन असं की पत्र्याकडं बघवत नव्हतं. गिरणी बंद, कामाच्या बाया लिंबाखाली डबे सोडून बसलेल्या, आत हळकुंडाचा हा ढीग. बाबारावांनी व्यापाऱ्याला संध्याकाळी माल भरून देण्याचा शब्द दिला होता आणि ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. आवाज चढवणारा माणूस नाही तो, पण त्या दिवशी म्हणाले, "मिस्त्रीणबाई, आज याचा एकदाचा निकाल लावा. न्हाईतर मला दुसरा मानूस बघावा लागंल."

मला लागलं ते. मी रिसेटकडं हात नेला. नेहमीप्रमाणे बटण दाबायचं, मोटार चालू करून द्यायची, आणि खुर्चीकडं न बघता निघायचं. तेवढ्यात मागून चाचा बोलले.

"बाई, एक बात सांगू? नाराज नका होऊ. तुमी येता, बटन दाबता, अन् पळता. पाहतच न्हाई तुमी. मिस्त्रीला लई वेळ लागायचा. बसून पाहायचा तो."

"मला टाईम न्हाई, चाचा," मी म्हणाले.

आणि रिसेटकडं नेलेला हात मागं घेतला. चार वर्षांपूर्वी हेच शब्द मी कुणाला म्हणाले होते ते तुम्हाला सांगायला नको. चाचांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते आपले सहज म्हणाले, "त्या दिवशी चाय पिताना मला बोलला तो... आज घरी बायकोला कोडं घालून आलो म्हने. अवघड हाय, पन ती काढील. लई खूश होता."

चाचांनी हे मला चार वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं ना. मी त्यांना म्हणाले, "चाचा, तुमी जेवून घ्या. मला इथं थोडं एकटीला राहू द्या." ते गेले. मी पॅनलचं कुलूप काढलं, समोर रिकामं पोतं अंथरलं आणि मांडी घालून बसले. त्या गिरणीत पहिल्यांदाच बसले.

रिसेटला हात लावला नाही. आधी वर, मेन स्विचला मीटर लावलं. चकती सरळ फिरली. मग चिमटे काढून खाली लावले, सॉफ्ट स्टार्टरच्या तोंडाशी. तिथं आजवर मी कधी लावलेच नव्हते. कशाला लावीन? दोन फूट सलग केबल. वर जे येतं तेच खाली उतरणार, यात तपासायचं काय?

चकती उलटी फिरली.

मी चिमटे काढून पुन्हा लावले. उलटीच. पुन्हा वर — सरळ. पुन्हा खाली — उलटी. माझ्या कानशिलातून घाम ओघळून पदरावर पडत होता. मी मेन स्विच बंद केला, टेस्टरनं तिन्ही ठिकाणी बघितलं, वीज नाही. मग बोटांनी गाठी मोजल्या. वर एक, दोन, तीन. खाली... दोन, एक, तीन.

लाल आणि पिवळ्या फेजच्या केबली खालच्या टोकाला एकमेकींच्या जागी होत्या. दहा दिवसांपूर्वीचा फोटो काढून बघितला — एक, दोन, तीन. समोर — दोन, एक, तीन. आणि बोल्टवर माझं नेलपॉलिश जसंच्या तसं. मरून रंग, मधल्या बोल्टवर ओढताना हात हलून आलेलं जाड थेंबाचं बोंडसुद्धा तसंच. पट्टा लगपर्यंत सलग उतरलेला, केसाएवढाही तडा नाही. बोल्ट खोलल्याशिवाय केबल निघत नाही, आणि पट्टा फोडल्याशिवाय बोल्ट फिरत नाही. मी नखानं खरवडून बघितलं. पक्कं वाळलेलं होतं.

तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. नाही घाबरले. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. अदलाबदल ही मिस्त्रींची सगळ्यात आवडती चूक होती. "दोन वायरी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, तिथंच माणूस फसतो," असं ते म्हणायचे. तीन वेळा बोलावून घेतलं आणि तीनही वेळा मी काही बघायच्या आधीच बटण दाबलं होतं. मी त्यांना आणखी तीनदा टाईम नाही म्हणाले होते!

मग मी नियमाप्रमाणे केलं. उलट्या केबलीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सापडलं."

रिकाम्या गिरणीत माझा आवाज घुमला. मीटरचे चिमटे खालीच लावलेले होते. वरचा मेन स्विच बंद होता, दांडा खाली होता, मी स्वतः केला होता. त्या मेलेल्या चिमट्यांवर मीटरची चकती फिरली. सावकाश, सरळ बाजूला, एकच फेरा. आणि थांबली.

मी लगेच टेस्टर लावला. तिन्ही ठिकाणी वीज नव्हती. जनरेटर नाही तिथं. वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर नाही. वारा म्हणाल तर चकती काचेच्या आत असते. मी पाच मिनिटं तिच्याकडं बघत बसले की पुन्हा फिरेल... म्हणाले, "मिस्त्री, उशीर झाला मला. त्या दिवशीचं बी दाखवा ना, काय होतं त्या बोर्डात?" चकती हलली नाही. लिंबाखालून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता.

आता इथं एक गोष्ट कबूल करते. मला ते दुरुस्त करायचं नव्हतं. वाटत होतं, राहू दे तसंच. केबली उलट्या आहेत तोवर हे माणूस इथं कुठंतरी पाठ करून बसलेलं आहे, मी शोधायची वाट बघत. सरळ केल्या की झालं, उठून जाईल. बाबारावांना म्हणता आलं असतं, पार्ट मागवावा लागेल, दोन दिवस लागतील. दोन दिवस मी तिथं पोत्यावर बसून काढले असते, आनंदानं काढले असते. पण बाहेर माणसं खोळंबली होती. आणि गिऱ्हाइकाचं काम अडवून ठेवलं तर मिस्त्री मला घरात घेणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. चार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल मी हे असं, आजचं असल्यासारखं लिहितेय, वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

पान्याचा पहिला जोर लागला तेव्हा नेलपॉलिश टचकन फुटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. केबली आपापल्या जागी लावल्या, आवळल्या, मेन चालू केला. वर सरळ, खालीही सरळ. बटण दाबलं आणि मोटार हळूहळू वेग घेत गेली.

बाबाराव पळतच आत आले. "काय व्हतं?"

"दोन वायरी उलट्या लागल्या होत्या."

"कोनी लावल्या?"

"माझ्याच ध्यानात आलं न्हाई," मी म्हणाले. ते समाधानानं मालाकडं वळले. चाचांनी माझ्या डोळ्यांकडं बघितलं. ऑफिसात नेऊन चहा दिला. मी त्या खुर्चीवर बसून तो प्यायले. चाचा तेवढं एकच म्हणाले, "तकलीफ कमी झाली का, बाई?" मी मान हलवली. खरं म्हणजे कमी झाली नव्हती. वाढली होती. चार वर्षं मी एका गेलेल्या माणसासाठी झुरत होते, त्या दिवसापासून नुकत्याच उठून गेलेल्या माणसासाठी झुरायला लागले.

त्यानंतर फॉल्ट आला नाही. एकदाही नाही. पूर्ण हंगाम गिरणी रात्रंदिवस चालली. मी दोनदा स्वतःहून फोन केला, "कसं चाललंय?" बाबाराव म्हणाले, "एकदम झ्याक." मला बरं वाटायला हवं होतं.

आता इथले हुशार वाचक विचारतील, तर आधीच सांगते. कुणीतरी खोडी केली असेल? किल्ली माझ्याकडं होती, आणि खोडी करणारा माझं तेच नेलपॉलिश तसंच्या तसं, बोंडासकट ओढून, वाळवून ठेवणार का? फोटो काढताना माझीच गफलत झाली? दोन्ही फोटो आहेत, पुण्याला असलेल्या माझ्या मुलीनं मोठे करून बघितले. ती इंजिनिअर आहे. तिनं तासभर डोकं खाजवलं आणि म्हणाली, "आई, मला नाही माहीत." ही पोस्ट लिही असंही तिनंच सुचवलं. चकतीबद्दल एका जुन्या सरांना विचारलं. ते म्हणाले, शेजारच्या केबलीतून थोडी वीज उतरते कधी कधी. उतरते, मलाही माहीत आहे. पण ती सतत उतरते. "सापडलं" म्हटल्यावर एकच फेरा द्यायला उतरत नाही. माझ्याकडं खुलासा नाही. गिऱ्हाइकांना आळशी म्हणणारी मी, आता स्वतःला काय म्हणू?

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही, मुलीलाही नाही. ती इथं लिहितेय.

दिवाळीनंतर बाबारावांच्या गिरणीत एक कंपनीचा माणूस आला होता. जुना सॉफ्ट स्टार्टर काढून नवा ड्राइव्ह बसवा, असं त्याचं म्हणणं. बाबारावांनी मला बोलावून घेतलं, कारण ते माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. त्या माणसानं छान समजावून सांगितलं. ड्राइव्हनं मोटारीचा वेग कमी-जास्त करता येतो, वीज वाचते. "आणि मॅडम, मुख्य म्हणजे ड्राइव्हला वरचा फेज सिक्वेन्स लागतच नाही," तो म्हणाला. "वरून तीन वायरी कशाही जोडा, तो खाली मोटारीला बरोबरच क्रम देतो. हा फॉल्ट आयुष्यात पुन्हा येणार नाही."

तो खरं बोलत होता. शंभर टक्के खरं. बाबारावांच्या फायद्याचंही होतं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"नको," मी म्हणाले. "हळदीची धूळ लई हाये इथं. ड्राइव्हला सोसायची न्हाई. आहे ते चांगलं हाये."

कंपनीचा माणूस म्हणाला, धुळीसाठी वेगळी पेटी मिळते. मिळते, हेही मला माहीत होतं. मी पुन्हा नको म्हणाले. बाबाराव उठले आणि त्याला नमस्कार केला. "मिस्त्रीणबाई न्हाई म्हनतात, विषय संपला."

धंद्यात आल्यापासून गिऱ्हाइकाला मी दिलेला हा पहिला चुकीचा सल्ला. मिस्त्रींना कळला तर ते माझ्याशी आठ दिवस बोलणार नाहीत. पण ज्या डब्याला उलटं-सुलटं कळतच नाही, त्याच्यापुढं कुणी केबली उलट्या लावून ठेवल्या तरी कुणाच्या लक्षात येणार? मोटार आपली चालूच राहील, आणि मला फोन यायचा नाही.

बाबाराव, हे कधी तुमच्या वाचनात आलं तर रागावू नका. ड्राइव्ह बसवू, मी स्वतः येऊन बसवून देईन. फक्त एवढा एक हंगाम जाऊ द्या.